ढाब्यावरचा डाव

गुरुग्राम हे नाव अधिकृत झालं २०१६ साली. बसवाल्याच्या आणि भाजीवालीच्या तोंडी ते अजून गुडगावच आहे. युधिष्ठिराने हे गाव गुरुदक्षिणा म्हणून द्रोणाचार्यांना दिलं, अशी इथली आख्यायिका. मेट्रोच्या एका स्थानकालाही गुरु द्रोणाचार्यांचं नाव आहे. नामांतराच्या वेळी ही कथा सगळ्यांना आठवली. हस्तिनापुरात फासे पडत होते तेव्हा हेच गुरुजी सभेत बसून होते आणि गप्प होते, ही दुसरी कथा मात्र कुणी काढली नाही.

दसरा उलटला की दिल्ली-गुरुग्रामच्या पट्ट्यात ‘ताश पार्टी’ची आमंत्रणं फिरू लागतात. द्यूतप्रतिपदा आपल्याही पंचांगात आहे. पण आपण त्या दिवशी बळीराजाची आठवण काढतो, पाडव्याची ओवाळणी वसूल करतो आणि उरलेल्या चकल्या संपवतो. जुगाराचं पुण्य पदरात पाडून घेण्याची घाई उत्तरेत जास्त. शंकर-पार्वतीच्या सारिपाटाचा दाखला द्यायचा, दिवाळीत जो खेळणार नाही तो पुढच्या जन्मी गाढव होईल असं हसत हसत बजावायचं, आणि मग पहाटेपर्यंत तीन पत्ती. ज्यांना एवढी माणसं जमवता येत नव्हती त्यांच्यासाठी मोबाइल होता. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद झाले. पोकर आणि लुडोच्या धंद्यातल्या काही मोठ्या कंपन्यांचं बस्तान याच शहरात होतं.

मला मात्र इथल्या तिसऱ्याच पत्तेवाल्यांविषयी लिहायचं आहे. दुपारच्या वेळी सायबर सिटीच्या मागच्या रस्त्यांनी चालत गेलं की ते दिसतात. साहेब वर मीटिंगमध्ये, गाडी झाडाखाली आणि चालकांची चौकडी फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून दहला पकड खेळते आहे. दहला पकड म्हणजे जवळपास आपलं मेंढीकोट; सगळा जीव दश्श्यांत. शहराने गिळलेल्या जुन्या गावांत, चक्करपूर-वजिराबादकडे, म्हातारी मंडळी हुक्का मध्ये ठेवून सीप खेळतात. आणि मानेसरच्या पुढे जयपूरच्या दिशेने निघालं की ढाबे सुरू होतात. बाजेवर चार ट्रकवाले, मध्ये पत्ते, बाजूला चहाचे ग्लास. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच पुढे मुंबईला येतो, पुणे-सातारा-कोल्हापूर करत चेन्नईपर्यंत जातो. म्हणजे बाजेवर चाललेला डाव कधी मानेसरला मांडलेला असतो आणि भिडू बदलून खंबाटकीच्या पायथ्याशी पुरा होतो, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

या माणसांना भारतीय आधुनिक चित्रकलेत ज्याने मानाने बसवलं तो चित्रकार गुरुग्रामचाच रहिवासी: कृष्ण खन्ना. ५ जुलै २०२५ रोजी त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकार मंडळींच्या सोबतीने वाढलेल्या पिढीतले ते. सोबत्यांपैकी सूझा २००२ साली गेले, गायतोंडे त्याच्या आदल्या वर्षी, तय्यब मेहता २००९ साली, हुसेन २०११ साली, रझा २०१६ साली, रामकुमार २०१८ साली, अकबर पदमसी २०२० साली. खन्नांनी शंभरी पाहिली.

त्यांचे बँडवाले सगळ्यांना माहीत आहेत: लाल अंगरखे, सोनेरी दोऱ्या, गाल फुगवून तुताऱ्या वाजवणारे. ट्रकच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीने बसलेले मजूर माहीत आहेत. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या, आयटीसी मौर्यच्या, घुमटाखाली त्यांनी रंगवलेली ‘द ग्रेट प्रोसेशन’ ही प्रचंड मिरवणूक तिथे कॉफी प्यायला गेलेल्यांनी मान वर करून पाहिलेली असते. त्या मानाने त्यांचे पत्ते खेळणारे मागे राहिले. चित्रांत आणि मुद्राचित्रांतही ही माणसं पुन्हा पुन्हा येतात, पण समीक्षकांचा भर ट्रकवाल्यांच्या दैन्यावर आणि फाळणीच्या जखमेवर राहिला. पत्त्यांच्या चित्रांत जी गंमत आहे ती थोडी हलकी, थोडी वात्रट. गंभीर लेखांत तिला जागा मिळत नाही. दिवाळी अंकात मिळायला हरकत नाही.

ही गंमत कळायला खन्नांचं आयुष्य एका विशिष्ट बाजूने पाहावं लागतं. छापील कागदाच्या बाजूने.

जन्म १९२५चा, लायलपूरचा, वाढले लाहोरला. मुलगा सातेक वर्षांचा असताना वडिलांनी युरोपातून लिओनार्दोच्या ‘द लास्ट सपर’ची एक छापील प्रत आणली. मुलाने ती समोर ठेवून चित्र काढायचा खटाटोप केला. ही गोष्ट खन्नांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. मिलानच्या भिंतीवरचं ते भित्तिचित्र लाहोरच्या एका मुलापर्यंत पोचलं ते छपाईमुळे, आणि त्यात होतं काय? एक लांब टेबल, त्याभोवती तेरा माणसं, आणि त्यांतला एक जण डाव उलटवणार आहे. शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिक्षण झालं. परतल्यावर लाहोरला त्यांनी काही काळ एका छापखान्यात नोकरी केली आणि संध्याकाळी मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. मग फाळणी, सिमला, आणि १९४८मध्ये मुंबईत ग्रिंडलेज बँकेची नोकरी.

त्याच सुमाराला त्यांनी गांधीहत्येच्या बातमीचं चित्र केलं. दिव्याखाली जमलेली माणसं, वेगवेगळ्या पेहरावांची, प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र. कुणी कुणाकडे पाहत नाही. जो तो आपल्या हातातल्या कागदात बुडालेला. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या १९४९च्या प्रदर्शनात हे चित्र लागलं आणि मुंबईच्या कलाजगताचं या बँकवाल्याकडे लक्ष गेलं.

आता या चित्रातली वर्तमानपत्रं मनातल्या मनात काढून घ्या, प्रत्येकाच्या हातात पत्त्यांचा पंखा द्या आणि सगळ्यांना खाली बसवा. खन्नांचा पुढचा सगळा खेळ इथे मांडलेला दिसतो. छापील कागद हातात धरून गोल करून बसलेली माणसं. एकत्र आहेत आणि प्रत्येकाला दिसतं ते फक्त त्याच्या हातातलं. दुःखाच्या प्रसंगी हे दृश्य काळीज चिरतं, ढाब्यावर हसू आणतं. रचना तीच.

१९६१ साली खन्नांनी बँक सोडली. राजीनामा देऊन ते बाहेर आले तेव्हा हुसेन, गायतोंडे आणि बाळ छाबडा खाली त्यांची वाट पाहत उभे होते, हा किस्सा प्रसिद्ध आहे. एरवी चार शब्द बोलायला नाखूश असणारे गायतोंडे अशा प्रसंगी आवर्जून उभे होते, हे मला त्या किश्शात सगळ्यात आवडतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशच्या युद्धाच्या सावटात त्यांनी ‘द गेम’ नावाची चित्रं केली. टेबलाभोवती गणवेशातले अधिकारी, सत्तेची माणसं. डाव चालला आहे तो इतरांच्या जिवावर. १९७९मध्ये स्वतःचं ‘लास्ट सपर’ रंगवलं. त्यांच्या ख्रिस्तमालेतली माणसं निजामुद्दीनच्या दर्ग्याजवळच्या फकिरांवर बेतलेली. आणि ढाब्याची मालिका तर टेबलांचीच. सेनापतींचं टेबल, ख्रिस्ताचं टेबल, ट्रकवाल्यांची बाज: बसण्याची तऱ्हा एक, पणाला लागलेलं वेगळं. पहिल्या ठिकाणी देश, दुसऱ्या ठिकाणी तीस चांदीची नाणी, तिसऱ्या ठिकाणी फार तर पुढच्या चहाचे पैसे. खन्नांची सहानुभूती तिसऱ्या टेबलाशी आहे, आणि खोडीही तिथेच काढायची त्यांना लहर येते.

पत्ते खेळणाऱ्यांचं चित्र काढायचं म्हणजे चित्रकाराला आधी सेझानच्या परवानगीने आत यावं लागतं. १८९०च्या दशकाच्या पूर्वार्धात पॉल सेझानने फ्रान्समधल्या एक्सजवळच्या आपल्या वडिलार्जित मळ्यावरची गडीमाणसं समोर बसवून पत्तेवाल्यांची पाच चित्रं केली. त्याआधी युरोपात या विषयाला एक ठरलेला मसाला होता. काराव्हाज्जोच्या चित्रात एक भोळा पोरगा खेळतोय, त्याच्या मागून एक जण बोटांनी खुणा करतोय आणि समोरचा लबाड पाठीमागे पत्ता लपवतोय. दारू, बाई, सुरा, फसवणूक. सेझानने हे सगळं पुसून टाकलं. त्याची माणसं बोलत नाहीत, हसत नाहीत, पैसेही दिसत नाहीत. डोंगर समोरासमोर ठेवावेत तशी ती बसलेली आहेत. या पाचांपैकी एक चित्र कतारच्या राजघराण्याने २०११च्या सुमारास घेतलं. किंमत २५ कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या तेव्हा जगभर झळकल्या. मळ्यावरच्या माळ्याला सेझान बसण्याचे किती देत असेल, असा विचार ही बातमी वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

सेझाननंतर या टेबलावर बरेच जण बसून गेले. फेर्नां लेजेने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना १९१७मध्ये नळकांड्यांचे यंत्रमानव करून पत्ते वाटले. ओटो डिक्सने १९२०मध्ये एका टेबलाभोवती युद्धात लुळेपांगळे झालेले तीन अधिकारी बसवले. एक जण पायाच्या बोटांत पत्ते धरून खेळतो. डिक्सने हाच विषय ताम्रपटावर सुईने ओरखडून छापलाही. हसावं की तोंड फिरवावं ते कळत नाही, इतकं ते जहाल आहे.

खन्नांचं वेगळेपण या रांगेत लक्षात येतं. सेझानचं मौन त्यांना परवडत नाही, कारण आपल्याकडे मौन धरून कुणी पत्ते खेळत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून कर्जतपर्यंत चाललेला डाव ज्याने पाहिला आहे, किंवा कोकणात गणपतीच्या जागरणाला रात्री दोन वाजता भिडूने चुकीची उतारी केली म्हणून पेटलेली भांडणं ऐकली आहेत, त्याला हे सांगायला नको. खन्नांची माणसं एकमेकांवर रेलतात, खांद्यावरून डोकावतात, मुंडाशी आणि शाली एकमेकांत मिसळतात. चेहऱ्यांपेक्षा हातांना महत्त्व. रेषा भरभर ओढलेली. कुणाच्या दाढीचा शेवट कुठे आणि शेजाऱ्याच्या बाहीची सुरुवात कुठे, हे शोधावं लागतं. खेळाडू चार की पाच, की एक जण नुसताच सल्ला द्यायला बसलाय? प्रत्येक डावाला असा एक फुकट सल्लागार असतोच, आणि हरणाऱ्याचा सगळा राग शेवटी त्याच्यावर निघतो.

बँडवाल्यांशी यांचं नातं काय, असं मला बरेच दिवस वाटे. पत्त्यांच्या जोडातला गुलाम काढून पाहा: रंगीत अंगरखा, वेलबुट्टी, डोक्यावर विचित्र टोपी, चेहऱ्यावर भाव शून्य. इंग्रजी पत्त्यांवरची ही दरबारी मंडळी फ्रान्समधल्या रुआं गावच्या जुन्या पत्त्यांवरून उचललेली आहेत. काही शतकांपूर्वीच्या एका परक्या दरबाराचा पोशाख चढवून ती आपल्या घरात वावरतात. लग्नातला बँडवाला तरी दुसरं काय करतो? गोऱ्या पलटणीचा उतरलेला गणवेश घालून परक्याच्या वरातीत वाजवतो. खन्नांनी हे कुठे लिहून ठेवलं आहे असा माझा दावा नाही, पण त्यांचा बँडवाला आणि पत्त्यातला गुलाम शेजारी ठेवले तर एकाच शिंप्याकडचे वाटतात.

आता छपाईकडे. पत्तेवाल्यांचं चित्र तैलरंगात असणं आणि छापलेलं असणं यांत मोठा फरक आहे, कारण पत्ता आणि छापा हे एका घरातले. युरोपात धातूच्या पत्र्यावर कोरून छापणाऱ्या पहिल्या मोठ्या कारागिराचं नावच इतिहासाला ठाऊक नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यावर ऱ्हाइन नदीच्या काठी काम करणारा हा माणूस त्याने कोरलेल्या पत्त्यांमुळे ‘पत्त्यांचा उस्ताद’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या जोडात इस्पिक-बदाम नव्हते. फुलं, पक्षी, हरणं, हिंस्र श्वापदं आणि रानटी माणसं असे रंग होते. गुटेनबर्गचं बायबल यायच्या आधी, १४४१ साली, व्हेनिसच्या कारभाऱ्यांनी बाहेरून येणाऱ्या छापील पत्त्यांवर बंदी घातली, कारण स्थानिक कारागिरांचा धंदा बुडत होता. धर्मग्रंथ आणि जुगार दोन्ही छापखान्यातून घराघरांत गेले, आणि जुगार थोडा आधी पोचला.

छपाईतल्या चुका पत्त्यांवर कायमच्या बसल्या, हे तर घरबसल्या तपासता येतं. बदामाच्या राजाला मिशी नाही. बाकी तिघांना आहे. शिवाय त्याची तलवार डोक्यामागे अशी गेली आहे की स्वतःच्याच कानात खुपसतोय असं वाटावं. त्याच्या हातात पूर्वी कुऱ्हाड होती. लाकडी ठशांवरून ठसे, त्यांवरून पुन्हा ठसे असं होत होत कुऱ्हाडीचं पातं कडेला जाऊन कापलं गेलं आणि मिशी झिजली. इस्पिकच्या एक्क्यावर एवढी नक्षी का, याचं उत्तर सरकारी आहे. इंग्लंडात पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून हा एक्का सरकारी छापखान्यातूनच घ्यावा लागे. बनावट एक्के छापल्याबद्दल रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ साली फाशी झाली. एका एक्क्यासाठी.

आणखी एक तांत्रिक गंमत आहे, ती मुद्राचित्रकारच जाणतो. धातूवर किंवा दगडावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. उजवा हात डावा होतो. माणूस नुसता बसलेला असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. पण पत्ते खेळणारा असेल तर वाटणी उलट्या दिशेने फिरते आणि सगळे खेळाडू एकाएकी डावखुरे होतात. म्हणून पत्तेवाल्यांचा ताम्रपट करणाऱ्याला एक तर चित्र आधीच उलटं काढावं लागतं किंवा उलट्या जगात मजा घ्यावी लागते. सेरिग्राफमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, हा घोळ होत नाही. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबली जाते आणि चित्र सुलट उतरतं. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. वीस रंग असले तर वीस वेळा कागद त्याच जागी, केसाचाही फरक न होता, बसला पाहिजे. जरा सरकला की ट्रकवाल्याचं मुंडासं त्याच्या कानावर आणि पत्त्यातला बदाम बोटांवर.

हुसेन, खन्ना आणि त्यांच्या पिढीतल्या अनेकांची चित्रं मध्यमवर्गीयांच्या भिंतीवर गेली ती बरीचशी या सेरिग्राफमुळे. अहमदाबादच्या आर्चरसारख्या कार्यशाळांनी यात मोठं काम केलं. कलेच्या बाजारात या छाप्यांविषयी एक जुनी कुरबूर आहे, आणि ती निराधार नाही. स्वतः पत्रा घासून, अम्लात बुडवून, रात्र रात्र यंत्राशी झटणारे मुद्राचित्रकार म्हणतात की चित्रकाराने रंगवायचं, रंग वेगळे करून जाळ्या बनवायच्या ते कारागिराने, आणि चित्रकाराने खाली पेन्सिलीने सही ठोकायची, याला मुद्राचित्र म्हणायचं कसं? दिल्लीत १९७६पासून चालू असलेल्या ललित कला अकादमीच्या गढी स्टुडिओत या झटणाऱ्यांची एक पिढी घडली. तिथल्या यंत्रांवर काम केलेल्यांत अनुपम सूद आहेत, महाराष्ट्रातून दिल्लीला येऊन हातकागद आणि छापा यांत आयुष्य घातलेले दत्तात्रय आपटे आहेत. त्यांच्या तराजूत चित्राची हुबेहूब सेरिग्राफ हलकी भरणार, हे उघड आहे. मलाही पटतं. एखाद्या भव्य कॅनव्हासची सही केलेली छोटी प्रत भिंतीवर लावली की ती सारखी ‘मूळ मी नव्हे’ असं सांगत राहते.

पत्तेवाल्यांच्या बाबतीत मात्र मी सेरिग्राफच्या बाजूने आहे. पत्त्यांच्या जोडात मूळ प्रत कोणती? कुठलीच नाही. ज्या वस्तूचा जन्मच शेकड्यांनी झाला, जिचा कारागीर कायम निनावी राहिला, ती हातात धरलेल्या माणसांचं चित्रही शंभर प्रतींत निघावं यात काही उणं नाही. उलट तैलरंगातला एकमेव पत्तेवाला कतारच्या तिजोरीत जातो आणि ज्यांचं चित्र आहे त्यांना कधी दिसत नाही.

इथवर युरोप आणि गुरुग्राम झालं. पण या विषयाची एक वाट सरळ सावंतवाडीला जाते, आणि ती खन्नांच्याच मुंबईच्या दिवसांतून निघते.

मुंबईत प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना ज्यांनी उचलून धरलं त्यांत तीन परदेशी नावं नेहमी घेतली जातात: वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर आणि रुडॉल्फ फॉन लेडन. रुडी फॉन लेडन १९३३मध्ये जर्मनीतून मुंबईत आले, शिकले होते भूगर्भशास्त्र. टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहायचे, ‘डेन्ली’ या नावाने व्यंगचित्रंही काढायचे. हुसेन-रझांची बाजू त्यांनी मुंबईच्या सनातनी कलारसिकांपुढे वर्षानुवर्षं लढवली. याच माणसाला गंजिफांचं, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय पत्त्यांचं, वेड लागलं. गावोगावचे जोड त्यांनी जमवले, खेळाचे नियम उतरवून घेतले, आणि १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रदर्शनाबरोबर ‘गंजिफा: द प्लेइंग कार्ड्‌स ऑफ इंडिया’ हे त्यांचं पुस्तक आलं. भारतीय पत्त्यांवर आजही कुणी लिहायला बसला तर त्याला फॉन लेडन टाळता येत नाहीत. पुढच्याच वर्षी ते गेले.

गंजिफा मोगलांबरोबर आल्या. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फज्लने अकबराच्या दरबारातला बारा रंगांचा, १४४ पानांचा जोड वर्णन केला आहे: अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती अशी त्यांची फौज. हिंदू घरांत आणि राजवाड्यांत त्याचा दशावतारी अवतार झाला. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. प्रत्येक अवताराचा राजा, त्याचा वजीर, आणि एक ते दहा. पानं गोल. खेळायला तिघे, प्रत्येकी चाळीस पानं. हुकूम नाही, भिडू नाही. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्यांत नेमकं उलट. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री खेळलं तर कृष्णाचा. पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवावं लागतं. मेंढीकोटात ज्यांची दमछाक होते त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आणि ही पानं छापलेली नसत. कागद किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, रंगाचा लेप द्यायचा, मग चितारी घराण्यातला माणूस कुंचल्याने एकेका पानावर मासा, कासव, परशू काढणार, वर लाखेची झिलई. युरोपात छाप्याने पत्त्याला जन्म दिला. आपल्याकडे छाप्याने पत्ता मारला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-बेल्जियमहून गठ्ठ्यांनी येणारे स्वस्त, चौकोनी, ५२ पानांचे जोड बाजारात आले आणि १२० पानं हाताने रंगवणाऱ्याचा निभाव लागेना. खेळणारेही कमी झाले, कारण नवा खेळ सोपा होता.

सावंतवाडीत ही कला संपायच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती हातात घेतली. पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. त्यांच्याकडून ती शिकून घेण्यात आली आणि १९७१मध्ये राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू झालं. राजघराण्यातल्या बाईने कुंचला घेऊन बसायचं, हे त्या काळी सोपं नसणार. सत्त्वशीलादेवी २०१८मध्ये गेल्या. २०२४मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं. राजवाड्याच्या दरबारात आजही कारागीर मांडी घालून पानं रंगवताना दिसतात.

मला या सगळ्यात फॉन लेडन या माणसाचं नवल वाटतं. एकीकडे परंपरा झुगारणाऱ्या तरुण चित्रकारांची वकिली करायची आणि दुसरीकडे कोकणातल्या एका मरू घातलेल्या खेळाची पानं मोजत बसायचं, यात त्यांना विसंगती वाटली नाही. ती नव्हतीच. प्रोग्रेसिव्ह मंडळी लघुचित्रांतून, मंदिरशिल्पांतून, बाजारातल्या खेळण्यांतून काय उचलत होती ते त्यांना दिसत होतं. आपल्या कलाइतिहासात मात्र या दोन गोष्टी अजून वेगवेगळ्या कपाटांत आहेत: हुसेन, खन्ना लिलावाच्या कॅटलॉगात, गंजिफा हस्तकलेच्या दुकानात, भेटवस्तूंच्या फळीवर. फॉन लेडन यांनी एका टेबलावर बसवलेल्यांना आपण पुन्हा उठवून वेगळं बसवलं आहे.

खन्नांच्या पत्तेवाल्यांकडे म्हणूनच मला नुसतं सेझानचं भारतीय रूपांतर म्हणून बघता येत नाही. त्या बाजेवर रुआंचा गुलाम आहे, लाहोरच्या छापखान्यातली शाई आहे, गांधीहत्येच्या रात्रीचं वर्तमानपत्र आहे. त्यांनी हे जड सामान कुठे दाखवलेलं नाही, हे त्यांचं कसब. चित्रात दिसतात ते फक्त चार-पाच इरसाल इसम, ज्यांपैकी एक जण नक्की लबाडी करतो आहे.

शेवटी वाचकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. दिवाळीच्या खरेदीत मुद्राचित्र घ्यायचा विचार असेल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: हे कोणत्या पद्धतीने छापलं, कोणत्या कार्यशाळेत, आणि चित्रकाराने स्वतः यात काय केलं. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला अपूर्णांक, म्हणजे किती प्रतींपैकी कितवी, आणि सही, ही दोन्ही पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. उत्तरं सरळ मिळाली तर सेरिग्राफ घ्यायला लाजू नका; शंभरातली एक आपली, यात कमीपणा नाही. आणि सुट्टीत सावंतवाडीला गेलात तर गंजिफेचा पूर्ण जोड घ्या, सुटी दोन पानं चौकटीत बसवण्यासाठी नव्हे. तिथेच नियम विचारून घ्या, घरी तिघे जण जमवा आणि खेळा. ती पानं पिसण्यासाठी रंगवलेली आहेत.